दहापैकी सात

यंदा राख उशिरा आली. मांजरी गावच्या अंगाला जो थोडाफार ऊस अजून उभा असतो, तो तुटून गेला की मागे उरलेलं पाचट पेटवतात, आणि त्या जळक्या पानांच्या काळ्या, वळलेल्या, केसासारख्या हलक्या काड्या वाऱ्यावर तरंगत आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत येऊन पडतात. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा गॅलरीतून नुसता ऊस दिसायचा. आता इमारती दिसतात, आणि इमारतींच्या फटीतून एक हिरवी पट्टी. त्या मानाने राखही कमी झाली आहे. पूर्वी वाळत घातलेल्या प्रत्येक कपड्यावर असायची, आता एखाददुसऱ्यावर. ही राख पुसायची नसते. बोट लागलं की तिची काळी रेघ होते आणि ती रेघ धुण्यात जात नाही. फुंकर मारायची. हे मला अर्चनाने, माझ्या बायकोने, इथल्या पहिल्याच वर्षी शिकवलं. अर्थात माझे पांढरे शर्ट वाया गेल्यानंतर.

राख आणि दहावीची परीक्षा एकाच सुमाराला येतात. सकाळी अजून गारवा असतो, स्कूटरवर कानाला वारा झोंबतो, आणि शाळा भरेपर्यंत तोच वारा गरम होतो. सोसायटीच्या कोपऱ्यात जुन्या शेतातला एक आंबा राहून गेला आहे, त्याच्या मोहोराचा वास जिन्याने वरपर्यंत चढतो. खालून मुलं जातात. हातात पारदर्शक पाऊच, त्यात हॉल तिकीट, पेनं, पट्टी. मागून एखादी आई वाटीत दहीसाखर घेऊन फाटकापर्यंत धावत येते. हे दिवस सुरू झाले की केतकी तिच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी लावून घेते.

केतकी आमची एकुलती एक मुलगी. एकोणिसावं चालू आहे. दहावीचे भाषांचे पेपर तिने दिले, गणिताच्या दिवशी ती परीक्षेच्या वर्गात गेली नाही, आणि त्यानंतर कुठल्याच वर्गात गेली नाही. ती आजारी आहे का, असं लोक विचारतात. आहे. डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, गोळ्यांनी झोप लागते. जेवते. बोलते, मोजकं. अंधार पडल्यावर गच्चीत एक चक्कर मारून येते. तिच्याबद्दल मला जे माहीत आहे ते एवढं आहे. जे माहीत नाही, ते त्या एका मोसमात कुठेतरी हातातून निसटलं, आणि मी तो मोसम पुन्हा पुन्हा उलगडून पाहतो, कारण त्यात कुणीही वाईट वागलं नव्हतं.

मी हडपसरच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासतो. गेज बरोबर मोजतो की नाही हे मोजायचं, असं माझं काम सोप्या भाषेत सांगता येईल. त्यामुळे ‘जरा’, ‘बऱ्यापैकी’, ‘तशी ठीक’ हे शब्द मला चालत नाहीत, असं घरात म्हणतात. चालतात, पण त्यांच्या पाठोपाठ ‘म्हणजे किती?’ हा प्रश्न आपोआप तोंडात येतो. केतकी दहावीत असताना दिवाळीच्या सुट्टीनंतर म्हस्के बाईंचा फोन आला, तेव्हाही तो आला.

म्हस्के बाई तिच्या वर्गशिक्षिका. इतिहास शिकवत. लोणी काळभोरहून स्कूटरवर येत आणि हेल्मेट टेबलावर हजेरीशेजारी ठेवत, म्हणून मुलं त्यांना मागे काहीतरी म्हणत. फोनवर त्यांनी हवापाण्याचं काही विचारलं नाही. केतकी प्रत्येक तासाला पाणी प्यायला जाते, म्हणाल्या, आणि नळापाशी जाऊन पाणी पीत नाही. नुसती उभी राहते.

हे किती दिवसांपासून, असं मी विचारलं.

“अहो, मी मोजलं नाही. मोजावंसं वाटायला लागलं म्हणून तर फोन केला.”

आम्हाला काही कळलं नव्हतं, कारण तिचे गुण घसरले नव्हते. आमच्यासारख्या घरांत बिघाड कळण्याची ती एकच खूण असते. ताप आला तर अंग तापतं, आणि मन बिघडलं तर गुण उतरतात, असा आमचा साधा हिशेब. केतकीचे गुण होते तिथेच होते. डबा मात्र अर्धा परत येत होता, आणि तो उन्हाळ्यापासून येत होता, हे अर्चनाला नंतर आठवलं.

शाळेत गावंडे मॅडम म्हणून समुपदेशक होत्या. मूळच्या यवतमाळकडच्या, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. आठवड्यातले दोनच दिवस आमच्या शाळेत, बाकीचे संस्थेच्या दुसऱ्या शाखांमध्ये. त्यांना वेगळी खोली नव्हती. खेळाच्या सामानाच्या खोलीत लेझमी, डंबेल्स आणि गुंडाळलेल्या गाद्या एका बाजूला सारून चार खुर्च्या टाकल्या होत्या. वर पत्रा, आणि पत्र्यावर वाकलेली काटेसावर. जानेवारीपासून तिची जाड लाल फुलं पत्र्यावर पडायची. थप्प. आपण महत्त्वाचं काही बोलत असावं आणि वरून कुणीतरी ओला फडका टाकावा तसा आवाज. अजूनही कुठे काटेसावर फुललेली दिसली की मला ती फुलं आधी दिसत नाहीत, आधी तो आवाज येतो.

समुपदेशक म्हणजे मुलांना जवळ बसवून गोड बोलणारं कुणीतरी, अशी माझी समजूत होती. गावंडे मॅडमनी आधी म्हस्के बाईंना एकट्यांना बोलावलं, मग आम्हा दोघांना, मग सगळ्यांना एकत्र. मुलीशी मी बोलतेच आहे, म्हणाल्या, पण ती माझ्याजवळ एक तास असते आणि बाकीचा सगळा वेळ तुमच्याजवळ. तेव्हा काम तुम्हालाच करायचं आहे, मी फक्त जुळवाजुळव करणार. एक नियमही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला. केतकी त्यांना जे सांगेल ते त्या आम्हाला सांगणार नाहीत. जिवाला धोका वाटला, तरच सांगतील. अर्चनाला हे लागलं. मला आवडलं. ज्याला आपली मर्यादा आधी सांगता येते त्याच्यावर विसंबता येतं, हा माझा अनुभव आहे.

मग त्यांनी विचारलं की ती शेवटची कधी हसली, आणि कशावरून. अर्चना म्हणाली, दिवाळीत, चकलीचा सोऱ्या उलटा फिरवला तेव्हा. मी म्हणालो, रिक्षावाला मोबाईलमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईशी भांडत होता तेव्हा. म्हस्के बाई म्हणाल्या, “काल. मी फळ्यावर सन चुकीचा लिहिला तेव्हा. आवाज न करता हसली, पण हसली.” काल ती हसली होती आणि आमच्यापर्यंत ते आलं नव्हतं. अर्चनाने डोळ्यांना पदर लावला. त्या खोलीत आम्हाला खरोखर मदत होत होती. एका मुलीचे तीन तुकडे तिघांकडे होते आणि कुणीतरी पहिल्यांदा ते शेजारी शेजारी मांडत होतं.

ठरलं ते असं. शाळेत पेपर वाटताना जास्त गुणांपासून कमी गुणांपर्यंत नावं पुकारायची पद्धत होती; बाईंनी ती सगळ्या वर्गासाठी बंद केली, नुसती केतकीसाठी केली असती तर दिसलं असतं. तिची जागा दाराजवळच्या बाकावर आली, पाण्याला जायचं तर कुणाला उठवायला नको म्हणून. घरी जेवताना अभ्यासाचा विषय नाही. मी म्हणालो, मॅडम, हे मनाबिनाचं मला धड कळत नाही, मला मोजता येईल असं काहीतरी द्या. अर्धं चेष्टेत म्हणालो होतो. त्यांनी ते पूर्ण गंभीरपणे घेतलं.

“मग दहापैकी विचारा ना, सर. आजचा दिवस किती? ती आकडा सांगेल. तुम्ही ‘बरं’ म्हणायचं. पुढे काही विचारायचं नाही. कमी आला तरी बरं, जास्त आला तरी बरं. तिला कळलं पाहिजे की आकडा सांगितला म्हणून काही होत नाही.”

त्यानंतरचे काही आठवडे माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी आहेत. हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. केतकी आकडे सांगायला लागली. चार. तीन. साडेपाच, त्या साडेवर मी मनातून फार खूश झालो, कारण अर्धा धरणारा माणूस विचार करून बोलतो. मी ‘बरं’ म्हणायचो. ती माझ्या तोंडाकडे बघायची, मी खरंच काही विचारत नाही ना म्हणून. एकदा दुपारभर वीज गेली, मायलेकी गच्चीत बसून तिखटमीठ लावून पेरू खात राहिल्या, आणि मी कारखान्यातून आल्यावर तिने न विचारता ‘नऊ’ म्हटलं. पंधरा वर्षं जिच्याबरोबर राहिलो तिच्या आत काहीतरी वरखाली होत असतं, हे मला एवढ्या स्पष्टपणे आधी दिसलं नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी आठवड्याचे आकडे मनातल्या मनात फिरवायचो. ते चढत नव्हते, पण हलत होते. माझ्या धंद्यात हलणारा काटा जिवंत समजतात.

मग जानेवारीत, पूर्वपरीक्षेच्या तोंडावर, एका संध्याकाळी तिने आईला ‘दोन’ म्हणून सांगितलं.

अर्चना मेथी निवडत होती. ती ठरल्याप्रमाणे ‘बरं’ म्हणाली. दोन काड्या आणखी निवडल्या. मग स्वयंपाकघरात गेली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि मला फोन केला. मी कारखान्यातून म्हस्के बाईंना केला. बाई लोणीत पुतणीच्या हळदीत होत्या. मागे वाजंत्री एवढी की त्यांना मांडवाबाहेर जावं लागलं. तिथून त्यांनी गावंडे मॅडमना केला. दुसऱ्या दिवशी मॅडमचा आमच्या शाळेचा वार नव्हता. तरी त्या सकाळीच, शहराच्या दुसऱ्या टोकाहून, रिक्षाने आल्या. चालू तासात बाई केतकीच्या बाकापाशी गेल्या आणि हळूच म्हणाल्या, खाली मॅडम आल्यात, जाऊन ये. हळूच म्हणाल्या, पण दहावीचा वर्ग हळू बोललेलं आधी ऐकतो. सगळा वर्ग वळला. ती उठली, दाराजवळच्याच बाकावरून, आणि गेली.

इतकी तत्परता मी माझ्या नोकरीत कधी पाहिली नाही. एक आकडा संध्याकाळी बोलला गेला आणि सकाळी शाळा भरल्या भरल्या त्यावर कारवाई झाली होती. कुणी आळस केला नाही, कुणी ‘बघू’ म्हटलं नाही, कुणी कुणावर ढकललं नाही. त्या दिवशी आम्ही चौघंही आपापल्या जागी समाधानात होतो.

त्या संध्याकाळी मी विचारलं, “आज किती?”

“सात.”

“बरं.”

तेव्हापासून सात. मला सात, अर्चनाला सात, व्हरांड्यात बाईंना सात. सणाच्या दिवशी सात, दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आली त्या दिवशीही सात. दहा म्हटलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता. त्या दोननंतर पाच म्हटलं असतं तरी फोन फिरले असते. सात म्हटलं की काळजी वाटत नाही आणि शंकाही येत नाही. लहानपणापासून ज्या घरात किती गुणांना कुणाचा चेहरा कसा होतो हे तिने पाहिलं, त्या घरातल्या मुलीने नीट विचार करून काढलेला आकडा होता तो. ती नळाशी जाऊन उभी राहायची तेही थांबलं. डबा रिकामा यायला लागला. तो ती शाळेच्या फाटकाजवळच्या कुत्र्यांना घालत होती, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

आम्ही फसलो, असं कुणाला वाटेल. तसंही नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी स्वतः बैठक मागितली. पत्र्यावर फुलं पडत होती. मी म्हणालो, मॅडम, आमच्याकडे जो काटा अडकलेला असतो तो सगळ्यात स्थिर आकडा दाखवतो. तीन गेज एकच वाचन देत असतील तर आम्ही आनंद मानत नाही, आम्ही गेज उघडतो.

गावंडे मॅडमनी मान हलवली. त्यांना हे माझ्या आधी कळलेलं होतं.

“मलाही सातच सांगते ती. मला टाळून राहिली आहे, सर. पण ‘खरं सांग’ म्हटलं, तर ती आठ सांगेल.”

म्हस्के बाई म्हणाल्या, मग विचारणंच बंद करू. अर्चना म्हणाली, बंद केलं तर तिला वाटेल, आपल्याला सोडून दिलं. मी म्हणालो, मग दुसरं काहीतरी विचारू. मॅडम म्हणाल्या, काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर काय द्यायचं हे ती आधी ठरवेल. आपण मदत करायला गेलो आणि तिला आणखी एक विषय लावून दिला. सगळ्यांचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही चार मोठी माणसं, त्या मुलीवर जीव असलेली, लेझमींच्या शेजारी बसून राहिलो. थप्प.

शेवटी ठरलं की आत्ता परीक्षा तोंडावर आहे, आत्ता काही हलवायला नको. परीक्षेनंतर नव्याने सुरुवात करू.

‘परीक्षेनंतर’ हा आमच्याकडचा शब्द आहे. आमच्या घरांत सगळं परीक्षेनंतर होतं. चष्म्याचा नंबर परीक्षेनंतर, गावची जत्रा परीक्षेनंतर, भांडणसुद्धा परीक्षेनंतर. माझी मावशी, जिच्या हातचं मी लहानपणी जेवलो, ती माझ्या बारावीच्या दुसऱ्या पेपरच्या आदल्या दिवशी गेली, आणि मला ते शेवटचा पेपर देऊन आल्यावर, सरबत प्यायला देऊन, सांगितलं. घरातल्या सगळ्यांनी तोवर माझ्यासमोर नेहमीसारखे चेहरे ठेवले होते. सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं. मलाही वाटलं. एखाद्या मुलीचं आतलं काहीतरी मोडत आलेलं असताना ते परीक्षेनंतर पाहू असं जी चार शहाणी माणसं एकमताने ठरवू शकतात, ती ह्याच घरांतून आलेली असतात.

त्या वर्षी राख वेळेवर आली होती. गणिताच्या दिवशी सकाळी तिच्या गणवेशाच्या बाहीवर एक काळी काडी पडली आणि अर्चनाने फुंकर मारून उडवली. वाटीतलं दही केतकीने मुकाट्याने खाल्लं. मी स्कूटरवर तिला परीक्षा केंद्रावर, दुसऱ्या एका शाळेत, सोडलं. ती फाटकातून आत गेली, वळून हात केला. पालक रस्त्यापलीकडे सावलीत उभे राहिले. मी कारखान्यात एक काम उरकून पेपर सुटायच्या बराच आधी परत आलो, पार्किंगला जागा मिळावी म्हणून.

ती बाहेर बसली होती. फाटकाशेजारच्या बुटक्या भिंतीवर, मांडीवर पाऊच ठेवून. ती आत जाऊन नळापाशी उभी राहिली होती. घंटा झाली, दुसरी झाली, आणि ती तिथेच उभी होती. तिथल्या शिपाई बाईंनी पाहिलं तोवर उशीर झाला होता. त्यांनी तिला बाहेर आणून बसवलं, आणि आई-वडिलांचा नंबर विचारला तर तिने सांगितला नाही. आतून वर्गांची शांतता ऐकू येत होती. परीक्षेच्या शाळेची शांतता वेगळी असते; शंभर पंखे फिरत असतात आणि कुणी बोलत नसतं. मी तिच्याशेजारी बसलो. मी काहीही विचारलं नाही.

“आज सात नाही म्हणता येणार, बाबा.”

मी म्हणालो, बरं.

तेवढं एकच खरं वाक्य मला तिच्याकडून त्या सबंध मोसमात मिळालं, आणि ते ऐकून मी नियमात बसणारं उत्तर दिलं. दुसरं कुठलं द्यायला हवं होतं, ते मला आजही सापडलेलं नाही. आम्ही स्कूटरवर घरी आलो. तिने माझ्या खांद्याला धरलं नव्हतं, मागच्या दांडीला धरलं होतं.

त्यानंतर एकदाच त्या खोलीत जमलो. तोवर काटेसावरीची फुलं संपून पालवी आली होती. म्हस्के बाईंनी हेल्मेट मांडीवर धरलं होतं. गावंडे मॅडमनी एका मानसोपचार तज्ज्ञांचं नाव दिलं, स्वतः फोन करून वेळही घेतली. निघताना मला म्हणाल्या की आपण चुकलो असं म्हणायला त्यांना बरं वाटलं असतं, म्हणजे पुढच्या मुलाच्या वेळी ती जागा टाळता आली असती. पण नेमकी जागा दिसत नाही. मीही ती शोधली आहे. चूक चौघांत वाटून पाहिली. भाग जात नाही, दर वेळी काहीतरी बाकी उरतं. पुढच्या जूनमध्ये मॅडम संस्था सोडून गावाकडे गेल्या.

जुलैच्या परीक्षेचा अर्ज भरला होता. केतकी गेली नाही. त्यानंतर भरला नाही. डॉक्टरांकडे पहिल्याच भेटीत त्यांनी सहज विचारलं, दहापैकी त्रास किती वाटतो? ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली. तेव्हापासून आमच्या घरात तो प्रश्न बंद आहे. मी साखर किती घालू असंही विचारत नाही, घालून टाकतो.

परवाच्या रविवारी मी मंडईत गेलो होतो. कैऱ्या आल्यात का बघायला; नव्या कैरीचा तक्कू केतकी खाते, म्हणजे पूर्वी खायची. कैरीच्या ढिगापाशीच म्हस्के बाई भेटल्या. दोन्ही हातांत पिशव्या, केस आता बरेच पांढरे. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय म्हणाल्या. इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं, केतकी कशी आहे.

“बरी आहे.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “बरी म्हणजे किती, ते नाही विचारत,” म्हणाल्या आणि एक कैरी उचलून देठाशी वास घेतला. मग सांगू लागल्या. आता नवीन समुपदेशक आहेत. आकडे बंद झाले. भिंतीवर एक तक्ता लावलाय, त्यावर चेहरे काढलेत, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. मुलांनी आपला चेहरा कुठला तो बोटाने दाखवायचा.

“मग?”

“सगळी पोरं दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतात. पहिल्यावर नाही, दुसऱ्यावर. अहो, एवढी हुशारी गणितात दाखवली असती तर.”

आम्ही दोघं हसलो. भाजीवाल्याला वाटलं आम्ही भावावरून हसतोय, तो म्हणाला, घ्या की साहेब, सिझनचा पहिला माल आहे. बाईंनी जाताना, पिशव्या हातात असतानाही, मनगटाने माझ्या दंडाला स्पर्श केला. त्या तिच्या वर्गशिक्षिका एकच वर्ष होत्या. एवढ्या वर्षांत ‘आता कॉलेजला असेल ना?’ असं न विचारणारं माणूस मला तेवढं एकच भेटलं आहे.

संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होतो. ऊन उतरलं होतं, हिरव्या पट्टीच्या बाजूला धुराची एक बारीक रेघ उभी होती. माझ्या कारखान्याच्या शर्टावर राखेची काडी होती. खाली रस्त्यावर दोन मुलं दुसऱ्या दिवशीच्या पेपराबद्दल मोठ्याने बोलत चालली होती, काय येणार, काय नाही येणार. आतून अर्चनाचा कैरी किसण्याचा आवाज येत होता.

केतकी बाहेर आली. या दिवसांत ती उजेडात बाहेर येत नाही, म्हणून मी हात न थांबवता कपडे काढत राहिलो. थांबलो असतो तर तिने पाहिलं असतं. ती कठड्याला टेकून उभी राहिली. धुराकडे बघत होती. मग शर्टाकडे वळली, वाकली आणि हात न लावता फुंकर मारली. काडी उडाली. कापडावर काही उरलं नाही.

“बाबा, आज किती?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण ती माझ्याकडे बघत होती. लहानपणी परीक्षेचा पेपर दाखवताना बघायची तसं नाही. मी तिच्याकडे जसा बघायचो तसं. खरा आकडा माझ्या जिभेवर होता. तो लहान आकडा आहे, बरीच वर्षं हललेला नाही. तो तिला सांगितला असता तर ती रात्री त्याचं काय करेल, कुणाला सांगेल, सांगायला तिला कोण आहे, हे सगळं मी शर्टाची घडी घालता घालता मोजून पाहिलं.

“सात,” मी म्हणालो.

ह्या आकड्यात काय असतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत नाही.

“बरं,” म्हणाली. आणि नियमाप्रमाणे पुढे काही विचारलं नाही.